नोकरी गेली आहे, डिप्रेशनचे उपचार चालू आहेत आणि काम शोधायचं आहे : तुम्ही हे कसं जमवलंत?

गेजवाला
चाकणजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. गाड्यांचे सुटे भाग बनवायचो. मेकॅनिकलचा डिप्लोमा आहे, वय चाळिशीच्या अलीकडे. गेल्या वर्षी आमची लाइन दुसऱ्या प्लांटला हलवली आणि आमच्यापैकी बऱ्याच जणांना कमी केलं. पहिले काही आठवडे जोर होता. पोर्टलवर प्रोफाइल अपडेट केलं, ओळखीच्यांना फोन केले, दोन-तीन मुलाखतीही झाल्या. मग कुठेतरी सगळं बसलं.

आता सकाळी जाग लवकर येते, पण उठवत नाही. लॅपटॉप उघडतो, जाहिरात वाचतो, आणि अर्जातल्या दुसऱ्याच रकान्याशी अडकतो. अनोळखी नंबरवरून फोन आला की छातीत धस्स होतं आणि तो वाजून बंद होईपर्यंत मी नुसता बघत राहतो. बायकोने आग्रह केला म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. मध्यम स्वरूपाचं डिप्रेशन आहे म्हणाले, गोळ्या चालू केल्या. बायको पतसंस्थेत आहे, तिच्या पगारावर घर चाललंय. वडील मायेनेच सांगतात, पण त्यांचं एकच म्हणणं : "एकदा नोकरी लागली की आपोआप बरं वाटेल, गोळ्या कशाला?"

माझा प्रश्न हाच आहे. आधी बरं व्हायचं की आधी नोकरी? बरं होईपर्यंत थांबलो तर गॅप वाढतो. आणि या अवस्थेत शोधायला बसलो तर प्रत्येक नकारानंतर चार दिवस वाया जातात. ज्यांनी यातून काम शोधलंय त्यांनी प्रत्यक्षात काय केलं ते सांगा. धीर द्यायला घरचे आहेत, मला रीत हवी आहे.

सुरंगी
तुम्ही लिहिलंय ते अक्षर न् अक्षर ओळखीचं आहे. माझ्या वेळी मी पोर्टलची नोटिफिकेशन बंद केली होती आणि भावाला पासवर्ड दिला होता. तो माझ्यासाठी जाहिराती चाळून ठेवायचा, मी फक्त त्यातली एक निवडायचे. चाळणं आणि अर्ज करणं ही दोन वेगळी कामं आहेत. चाळण्यात जीव जास्त जातो, आणि ते काम दुसरं कोणीही करू शकतं. तुमच्याकडे असं कोणी आहे का बघा.

कडुलिंब
मी मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करते. जरा मोठं लिहिते.

'आधी काय' याचं उत्तर : दोन्ही एकत्र, पण शोधाचं माप आजार ठरवेल. वडिलांचं म्हणणं बऱ्याच घरांत ऐकू येतं आणि त्यात थोडं तथ्यही आहे, कारण काम गेल्याने आजार वाढतो. पण नोकरी लागण्यासाठी जे लागतं तेच हा आजार काढून घेतो. डिप्रेशन मोजायला आम्ही पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतो. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात. त्यात उदास वाटण्याबरोबर लक्ष न लागणं, थकवा, झोप, हालचाली-बोलणं मंदावणं आणि 'आपण निकामी आहोत' असं वाटणं हेही आहे. दुसऱ्या रकान्याशी अडकणं तुमचा आळस नाही, लक्षण आहे. त्यावर उपचार न करता 'रोज वीस अर्ज टाक' म्हणणं म्हणजे ताप उतरायच्या आधी पळायला लावणं.

गोळ्यांविषयी. या औषधांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फायदा दिसायला त्याहून जास्त. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता, झोपेत बदल होऊ शकतो. डॉक्टरांना सांगा, ते डोस किंवा वेळ बदलतात. बरं वाटायला लागलं की स्वतःच्या मनाने बंद करू नका. बरं वाटल्यानंतरही सहसा कमीत कमी सहा महिने औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. नोकरी लागली त्याच आठवड्यात गोळ्या सोडणारे पुन्हा आमच्याकडे येतात, हे मी सतत बघते. थायरॉइड आणि बी-१२ तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारा.

आता रीत. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक उपचार तपासून पाहिला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण दिलं, आणि त्यांनी बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्या रुग्णांना सहा ते आठ बैठका दिल्या. ज्यांना या बैठका मिळाल्या ते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारले, आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. त्या बैठकांचा गाभा साधा आहे : मन लागेल तेव्हा करू असं म्हणत थांबायचं नाही. छोटी कृती आधी ठरवायची, वेळेला करायची, नंतर मन कसं आहे ते लिहायचं. मन कृतीच्या मागून येतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. 'आज नोकरी शोधायची' ही कृती नाही, ते डोंगराएवढं ओझं आहे. 'अकरा वाजता लॅपटॉप उघडून एक जाहिरात पूर्ण वाचायची आणि बंद करायचा' ही कृती. दुसऱ्या दिवशी त्याच जाहिरातीसाठी बायोडेटातल्या दोन ओळी बदलायच्या. तिसऱ्या दिवशी पाठवायचा. पाठवल्यानंतर लगेच करायची एक गोष्ट आधीच ठरलेली हवी, घराबाहेरची. नकार आला की चार दिवस जातात म्हणालात, ते यानेच कमी होतील. नकाराच्या दिवशी काय करायचं ते नकार यायच्या आधी लिहून ठेवा, कारण त्या दिवशी सुचणार नाही.

आणि निकाल मोजू नका, केलेली कृती मोजा. मुलाखतीचं बोलावणं तुमच्या हातात नाही, अकरा वाजता लॅपटॉप उघडणं आहे.

वाचनवेडा
कडुलिंब यांच्या प्रतिसादाला जोडून. बेकारीने माणसाच्या दिवसाचं काय होतं याचा एक फार जुना आणि प्रामाणिक अभ्यास आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएंथाल नावाचं गाव होतं, अख्खं गाव एका कापड कारखान्यावर जगायचं. मंदीत कारखाना बंद पडला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांच्या चमूने तिथे राहून माणसं पाहिली आणि १९३३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. त्यांना वाटलं होतं की मोकळा वेळ मिळालेले लोक वाचतील, संघटना बांधतील. झालं उलट. वाचनालयाची वर्गणी माफ करूनही पुस्तकं नेणाऱ्यांची संख्या घसरली. पुरुष रस्त्याने हळू चालायला लागले, मध्येच थांबायला लागले. दिवसभर काय केलं असं विचारलं तर त्यांना सांगता येईना.

पुढे याहोडांनी मांडलं की काम पगाराशिवाय बरंच काही देतं : दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांशी संबंध, चार जणांसोबत काहीतरी घडवण्याचा अनुभव, समाजात एक जागा, आणि हातपाय हलते ठेवणं. हे वाचल्यावर मला बेकारीतलं माझं स्वतःचं सुस्तावणं कळलं. पगार लगेच परत येत नाही, पण यातल्या तीन-चार गोष्टी पगाराविना उभ्या करता येतात. मी वाचनालयात जाऊन बसायचो, ठरावीक वेळी, घरून डबा घेऊन.

लालबागकर
मारिएंथाल वाचून अंगावर काटा आला, कारण मी हे घरात पाहिलंय. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बहुतेक पुन्हा कधी आत गेलेच नाहीत. वडील सुरुवातीला सभांना जायचे, मोर्चाला जायचे, तेव्हा ताठ होते. सभा थांबल्या आणि ते दाराशी बसायला लागले. भोंगा नाही, पाळी नाही. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. त्यांना कोणी डॉक्टरकडे नेलं नाही, कारण हा आजार आहे असं चाळीत कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. "माणूस खचलाय" एवढंच म्हणायचे. आईने खानावळीचे डबे सुरू केले आणि घर उचललं.

तुमच्या वडिलांना हे वाचून दाखवा वाटल्यास. आमच्या वडिलांना पुढे वॉचमनची नोकरी लागली. नोकरी लागली, पण ते पूर्वीचे झाले नाहीत. नोकरीने आपोआप बरं होत नाही हे मी खात्रीने सांगतो. गोळ्या चालू ठेवा.

निवृत्त मास्तर
पहाटे उठावे, थंड पाण्याने आंघोळ, सूर्यनमस्कार, नामस्मरण. मन खंबीर केले की सर्व साध्य होते. आमच्या काळी असे आजार नव्हते.

सुरंगी
मास्तर, सूर्यनमस्कार आणि नामस्मरण दोन्ही चांगलंच आहे. व्यायामाने डिप्रेशनमध्ये फायदा होतो आणि ठरलेल्या वेळी उठणं तर हवंच. पण वरचा लालबागकरांचा प्रतिसाद वाचा ना. आजार तेव्हाही होते. मन खंबीर कर असं आजारी माणसाला सांगितलं की त्याला वाटतं, मला जमत नाही म्हणजे मीच कमी आहे. औषधासोबत नाम घेतलं तर कोणाचं काही बिघडत नाही. औषधाऐवजी नको.

भरतीताई
मी बरीच वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कंपन्यांसाठी भरती करते. टेबलाच्या पलीकडून सांगते.

गॅपची भीती तुम्हाला वाटते तितकी आम्हाला वाटत नाही. लाइन हलली, प्लांट बंद झाला, हे या पट्ट्यात सगळ्यांना माहीत असतं. उमेदवार गॅपबद्दल बोलताना अडखळतो, दर वेळी वेगळं सांगतो, तेव्हा शंका येते. म्हणून दोन वाक्यं लिहून पाठ करा : "आमची लाइन दुसऱ्या प्लांटला गेली, त्यात आमची टीम कमी केली. मधल्या काळात तब्येतीचं एक काम होतं, ते आता नियंत्रणात आहे, आणि मी पूर्ण वेळ कामाला तयार आहे." इथे थांबायचं. कसली तब्येत असं कोणी विचारलंच, तर "डॉक्टरांकडे उपचार घेतले, कामावर परिणाम होईल असं काही नाही" एवढं पुरतं. निदान सांगायचं बंधन मुलाखतीत नाही. ही वाक्यं डॉक्टरांनी तुम्हाला कामाला हरकत नाही म्हटलेलं असताना म्हणायची, म्हणजे ती खरी असतात आणि ते आवाजात जाणवतं.

दुसरं, पोर्टल हा सगळ्यात थकवणारा रस्ता आहे. क्वालिटीच्या जागा आमच्याकडे निम्म्याहून जास्त ओळखीतून भरतात, हा माझा अनुभव. तुमच्या जुन्या कंपनीला माल देणारे सप्लायर तुम्हाला ओळखतात, तुम्ही त्यांचा माल तपासलाय, परत पाठवलाय. अशा माणसाची त्यांना गरज असते. त्यांच्यातल्या एकाला फोन नाही जमला तर व्हॉट्सअॅप करा : "मी सध्या मोकळा आहे, इनकमिंग इन्स्पेक्शन किंवा ऑडिटच्या तयारीसाठी माणूस लागला तर कळवा." आठवड्यात एक मेसेज पाठवला तरी चालेल. तुम्हाला फोनची धास्ती आहे, तर बायोडेटावर लिहा की मेसेज केल्यास वेळ ठरवून बोलेन. आम्हाला त्यात काही गैर वाटत नाही.

तिसरं, फार महत्त्वाचं. नोकरीसाठी पैसे मागणारी कन्सल्टन्सी सोडून द्या. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, गणवेश, लॅपटॉपची अनामत, कशाच्याही नावाने मागोत. आणि टेलिग्रामवरचे 'व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा' असे टास्क. आधी थोडे पैसे खरंच देतात, मग मोठी रक्कम भरायला लावतात. खचलेला माणूस यांना बरोबर सापडतो. कोणाचे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

गेजवाला
सगळ्यांचे आभार. सप्लायरचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायकोला जाहिराती चाळायला सांगितलंय, तिने आनंदाने घेतलं.

पैशाचं विचारतो. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर गेला. पीएफ काढावा का या विचारात आहे. डॉक्टरांची फी आणि गोळ्या धरून महिन्याचा खर्च टोचतो, आणि टोचतो म्हणून पुढची तारीख लांबवावीशी वाटते.

पासबुक
तारीख लांबवू नका, खर्च कमी करता येतो. औंधच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. ससूनलाही मानसोपचार विभाग आहे. खाजगी डॉक्टरच ठेवायचे असतील तर चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात बघा, फरक बराच पडतो.

पीएफ : सलग पाच वर्षं सेवा झाली नसताना काढलात तर कर लागू शकतो. काढायची वेळ आलीच तर पेन्शनचा हिस्सा शक्यतो हलवू नका. पेन्शनला एकूण दहा वर्षांची सेवा लागते आणि पुढच्या नोकरीत ही वर्षं जोडली जातात. त्याआधी, कंपनीकडून हक्काचं सगळं आलंय का तपासा. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी. तुम्ही कायद्याच्या अर्थाने कामगार श्रेणीत असाल तर कपातीची भरपाई, दर वर्षाच्या सेवेला १५ दिवसांचं सरासरी वेतन. 'राजीनामा लिहून द्या' म्हणून कोणाकोणाकडून सही घेतात, त्यात ही भरपाई बुडते.

ईएसआयमध्ये, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेत, होतात का? पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. असाल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत, नोकरी गेलेल्या विमाधारकाला जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत सरासरी दैनिक कमाईच्या निम्मी रक्कम मिळण्याची तरतूद झाली. शाखेत जाऊन विचारा.

विमा : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायला सांगितलंय. नवी पॉलिसी घेताना डिप्रेशन लपवू नका, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच पुढे करतात.

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. त्यात नवा मालक शोधायचा, नाहीतर व्हिसाचा दुसरा मार्ग धरायचा किंवा देश सोडायचा. त्या दडपणात मी झोपेची वेळ सोडून बाकी सगळं सोडलं होतं. झोप टिकवली म्हणून मुलाखतीत बोलू शकलो. दुपारी झोपू नका एवढंच सांगेन.

मी त्या बाजूची
मी बायकोच्या बाजूने लिहिते. नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मी रोज संध्याकाळी कामावरून आले की विचारायचे, "काही आलं का रे?" काळजीनेच. नंतर समुपदेशकांनी सुचवलं की नोकरीचा विषय आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वेळी काढायचा. आम्ही रविवारी चहाच्या वेळी बोलायचो, बाकी दिवस तो विषय बंद. आमच्या घरातली हवाच बदलली. सासूबाईंना मीच समजावलं.

आणखी एक. घरी असलेल्या पुरुषाला कामं 'मदत' म्हणून देऊ नका, जबाबदारी म्हणून द्या. मुलाला शाळेतून आणणं, गॅस, बँक, दळण. मारिएंथालचं वर लिहिलंय, त्या गावातल्या बायकांची चाल मंदावली नव्हती, कारण त्यांचं घरकाम थांबलं नव्हतं, असं मी वाचलंय. त्यात बायकांवरचा भारही दिसतो, पण दिवसाला आकार मिळतो हेही खरंच.

फक्त वाचक
कधीच लिहीत नाही. माझंही असंच आहे, नोकरी जाऊन बराच काळ झाला. हल्ली सारखं वाटतं की मी नसतो तर घरच्यांवरचा एक भार कमी झाला असता. कोणाला सांगितलं नाही.

कडुलिंब
बरं झालं लिहिलंत. हा विचार आजारामुळे येतो आणि उपचारांनी जातो, मी असंख्य माणसांत तो जाताना पाहिलाय. आत्ता हे करा : १४४१६ लावा. टेली-मानस आहे, सरकारी, मोफत, रात्रंदिवस, मराठीत बोलता येतं. आणि आज रात्री घरातल्या एका माणसाला, जो कोणी जवळचा असेल त्याला, वर लिहिलेलं वाक्य जसंच्या तसं दाखवा. आज एकटे राहू नका. स्वतःला काही करून घ्यावं असं मनात आलं तर वाट न बघता लगेच ११२ लावा किंवा कोणाला तरी सोबत घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. तुम्हाला निरोप पाठवलाय, मी जागी आहे. नोकरीचं आपण नंतर बघू.

फक्त वाचक
फोन लावला. बोललो. बहिणीला दाखवलं, ती येतेय. उद्या तिच्यासोबत सिव्हिलला जाणार आहे.

लालबागकर
भाऊ, उद्या जाऊन आलात की इथे एक ओळ टाका. वाट बघतोय.

गेजवाला
फक्त वाचक, तुमच्या सोबत आहे. खरंच.

माझं थोडं सांगतो. एका जुन्या सप्लायरला मेसेज केला. त्यांचं ऑडिट आहे, गेज (मापं तपासायची साधनं) आणि त्यांच्या कॅलिब्रेशनच्या नोंदी लावायला माणूस हवा होता. आठवड्यातले तीन दिवस बोलावलंय, रोजंदारीवर. डॉक्टर म्हणाले तीन दिवसच चांगलं, लगेच पूर्ण वेळ घेऊ नका. पहिल्या दिवशी दुपारनंतर डोकं चालेना, पण व्हर्नियर हातात आल्यावर बरं वाटलं. पूर्ण वेळेचा शोध चालूच आहे, अकरा वाजताचा. वडील अजून गोळ्यांवर कुरकुरतात, पण परवा डॉक्टरांकडे स्वतः सोबत आले.

एक शंका : कायम नोकरीत घेताना काही कंपन्या मेडिकल फॉर्म भरून घेतात. त्यात 'मानसिक आजार आहे का, कोणती औषधं चालू आहेत' असा रकाना असला तर? आणि कोणी म्हणालं अपंगत्वाचा दाखला काढ, राखीव जागा असते.

भरतीताई
फॉर्ममध्ये थेट विचारलं असेल तर खोटं लिहू नका. नंतर निघालं तर त्या सहीवरून नोकरी जाऊ शकते. "उपचार चालू, आजार नियंत्रणात" लिहा आणि कामाला हरकत नसल्याचं डॉक्टरांचं पत्र जोडा. विचारलं नसेल तर स्वतःहून लिहायचं कारण नाही. तो फॉर्म कंपनीच्या डॉक्टरकडे द्या, सुपरवायझरच्या टेबलावर ठेवू नका.

कडुलिंब
दाखल्याबद्दल : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे आणि सरकारी जागांत त्या गटाला आरक्षणही आहे, पण त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. उपचारांनी सुधारणाऱ्या मध्यम डिप्रेशनला ते सहसा बसत नाही. त्यासाठी आत्ता धावपळ करू नका. पत्र मात्र पुढच्या तारखेलाच मागून ठेवा, ऐन वेळी डॉक्टर रजेवर असतात.